5.25 ची फुली

शाळेच्या समारंभासाठी एक आठवण लिहा म्हटल्यावर मला पहिल्यांदा तो फळाच आठवला. अकरावीतला स्टॅटिस्टिक्सचा तास, बाईंनी प्रत्येक बाकावर एक फासा ठेवला आणि सांगितलं, चार वेळा टाका, सरासरी काढा आणि फळ्यावर जी रेघ आखलीय तिच्यावर आपल्या आकड्यापाशी खडूने एक फुली मारून या. आम्ही 48 जण. मला पडले 6, 5, 6, 4, म्हणजे सरासरी 5.25, आणि फुली मारायला गेलो तर बाकीच्यांच्या फुल्या 3 ते 4 च्या आसपास एकावर एक चढलेल्या आणि माझी एकटीच पार उजवीकडे. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं, म्हणून विचारलं, बाई, परत टाकू का? त्या म्हणाल्या, "अजिबात नाही. ती फुली तिथेच राहू दे, ती पुसलीस तर चित्र खोटं होईल."

मग त्यांनी आमच्याकडूनच मोजून घेतलं. चार वेळा फासा टाकला तर एकूण 1296 प्रकारे पडू शकतो, त्यातल्या 35 प्रकारांत बेरीज 21 किंवा जास्त येते, म्हणजे साधारण 37 जणांमागे एक. 48 च्या वर्गात माझ्यासारखा एखादा निघण्याचीच शक्यता जास्त होती! आणि एकट्या फाशात तर 1 ते 6 सगळे सारखेच, तिथे मध्ये ढीग होण्याचं काही कारणच नाही, तरी सरासऱ्यांचा ढीग 3.5 वर उभा राहिला, हे मला अजूनही सुंदर वाटतं.

नंतर प्रत्येकाने 16 वेळा फासा टाकला. माझी बेरीज 59, सरासरी 3.69, आणि यावेळी मी गर्दीत. सगळा ढीगच आक्रसला होता. एका फाशाचं प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती पसरलेत त्याचं माप, 1.71, चारच्या सरासरीचं 0.85, सोळाच्या सरासरीचं 0.43, म्हणजे चौपट मेहनत केली की पसारा निम्मा होतो. त्यानंतर बाईंनी फळ्यावर सूत्र लिहिलं, प्रमाण विचलन भागिले एन चं (म्हणजे फासा जितक्या वेळा टाकला त्या संख्येचं) वर्गमूळ, आणि याला स्टँडर्ड एरर म्हणतात एवढंच सांगितलं. सूत्र आधी आलं असतं तर मी ते पाठ करून विसरलो असतो हे नक्की.

कामाला लागल्यावर कळलं की तिथे 48 जण नसतातच, तुमच्या हातात एकच सॅम्पल असतं, एकच फुली, आणि बाकीच्या न मारलेल्या फुल्या किती पसरल्या असत्या ते या सूत्रावरूनच ताडायचं. पहिल्या नोकरीत मी एका रिपोर्टमध्ये माणसामाणसातला फरक दाखवायच्या जागी स्टँडर्ड एरर टाकला होता, वरिष्ठांनी विचारलं, एवढी सारखी माणसं कुठे मिळाली तुला? तेव्हा परत तो फळाच डोळ्यांसमोर आला. फासा कितीही वेळा टाका, त्याच्या आकड्यांचा पसारा 1.71 च्या आसपासच राहणार, आक्रसते ती फक्त सरासरीची अनिश्चितता. दोन्ही गोष्टी वेगळ्या, आणि माझ्यासारखी गल्लत करणारे मला अजून भेटतात.

खूप नंतर वाचलं की विल्यम गॉसेट या इंग्लिश संख्याशास्त्रज्ञानेही असंच केलं होतं. 1908 साली 'स्टुडंट' या टोपणनावाने निबंध छापायच्या आधी त्याने 3000 माणसांची मापं पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, ते नीट मिसळले आणि चार-चारचे 750 गट करून प्रत्येकाची सरासरी काढली. चारच! वाचताना अंगावर काटा आला, वाटलं बाईंना आत्ता फोन करून सांगावं.

आणि एक विचारायचं राहिलंय. त्या दिवशी डाव्या टोकालाही 1.75 वर एक फुली होती, ती कुणाची ते मला कधीच कळलं नाही. हे वाचत असशील तर समारंभाच्या दिवशी भेट, मी 5.25 वाला.