लिथियम, मीठ आणि आमचं घर

बायपोलरचं, म्हणजे मन कधी उदासीत बुडतं तर कधी भलतंच उसळतं त्या आजाराचं, निदान व्हायला माझी बरीच वर्षं गेली आणि त्यात आधीच्या डॉक्टरांना फार दोष देता येणार नाही. मी त्यांच्याकडे जायचे तीच मुळी उदास असताना. अंथरुणातून उठवत नाही, आंघोळ राहून जाते, वर्गात उभं राहिलं की तोंडातून शब्द फुटत नाही, अशा वेळी माणूस दवाखाना गाठतो. पहाटे चारला उठून वर्षभराच्या नोट्स एका बैठकीत लिहून काढाव्याशा वाटतात, त्या दिवसांत कोण डॉक्टरकडे जातं? त्यामुळे कागदावर ‘डिप्रेशन’ लिहिलं गेलं आणि त्याच्या गोळ्या सुरू झाल्या.

मी साताऱ्यात ज्युनिअर कॉलेजला अकाउंट्स शिकवते. त्या गोळ्यांवर मी उठले, आणि मग थांबलेच नाही. दिवाळीच्या सुट्टीत रात्री जेमतेम दोन-तीन तास झोप आणि सकाळी ताजीतवानी. स्वतःचे क्लासेस काढायचे म्हणून राजवाड्याजवळ गाळा पाहिला, डिपॉझिट देऊन टाकलं, बेंच सांगून ठेवले, मैत्रिणींना मध्यरात्री फोन करून भागीदारी देऊ केली. सासूबाई म्हणायच्या, “अगं, मध्ये श्वास तरी घे!” माहेरी कुणीतरी ‘बाहेरचं काही आहे का बघून घ्या’ असंही सुचवलं. पुढे टीव्हीवरच्या बातम्यांत माझ्याबद्दलच आडून बोलतायत असं वाटायला लागलं, तेव्हा नवरा आणि माझा भाऊ मला पुण्याला घेऊन गेले आणि ॲडमिट केलं. त्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही. जे आठवतं, त्यातलं माझं किती आणि इतरांनी सांगितलेलं किती, तेच कळत नाही.

पुण्याच्या डॉक्टरांनी नवऱ्याला जो प्रश्न विचारला, तो तोवर कुणी विचारला नव्हता. “झोप येत नाही म्हणून तळमळायच्या, की झोपेची गरजच वाटत नव्हती?” उदासीत मी रात्रभर कूस बदलत असे आणि सकाळी पिळून निघालेली असे. दिवाळीत मात्र झोप नव्हती आणि तिची उणीवही नव्हती. हा फरक आमच्या कुणाच्या ध्यानातच आला नव्हता. मग मागचं उकरायला सुरुवात झाली. बीएडच्या वर्षी असंच झालं होतं का? बाळंतपणानंतर? घराण्यात कुणी? भावाला धाकटे काका आठवले. एका रात्रीत म्हैस विकून नर्मदा परिक्रमेला निघालेले, मग वर्षभर कुणाशी न बोललेले. आमच्याकडे त्यांना ‘लहरी’ म्हणत. हा आजार घराण्यात चालतो, रक्ताच्या नात्यात तो असला तर धोका वाढतो, हे त्या दिवशी कळलं आणि काकांबद्दल फार वाईट वाटलं.

डॉक्टरांनी समजावलं ते थोडक्यात असं. बायपोलर असलेल्याला मूड स्थिर ठेवणारं औषध न देता नुसती डिप्रेशनची गोळी दिली, तर मन उसळून मेनियात जाऊ शकतं. मेनिया म्हणजे निदान आठवडाभर टिकणारी, काम आणि संसार विस्कटून टाकणारी अवस्था. त्याहून सौम्य आणि निदान चार दिवस टिकणारी ती हायपोमेनिया, तिचं तर लोक कौतुकच करतात. आमच्या प्राचार्यांनी माझ्या तसल्या दिवसांत भर मीटिंगमध्ये माझा आदर्श घ्यायला सांगितलं होतं!

औषध कोणतं यावर बोलणं झालं. व्हॅल्प्रोएट नको, कारण मला पुढे मूल हवं असण्याची शक्यता होती आणि ते औषध गर्भाला धोक्याचं. लिथियम ठरलं. गरोदरपणात त्याचेही प्रश्न असतात, पण आधी सांगून, ठरवून त्यातून वाट काढता येते, असं त्या म्हणाल्या.

लिथियम म्हणजे काही कारखान्यात जुळवलेला गुंतागुंतीचा रेणू नव्हे. ते जमिनीत सापडणारं मूलद्रव्य, मिठातल्या सोडियमचं भावंड. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरने मेनियावर त्याचा उपयोग होतो असं लिहिलं. गंमत अशी की त्याच सुमारास अमेरिकेत लिथियम क्लोराइड मिठाऐवजी पदार्थांत घालायला विकलं जात होतं. हृदयरोगी, म्हणजे ज्यांना मीठ बंद होतं असे लोक ते खायचे. त्यातून विषबाधा झाली, माणसं दगावली आणि ते बाजारातून काढावं लागलं. अमेरिकेत औषध म्हणून त्याला परवानगी मिळायला १९७० उजाडलं.

हे मी सांगतेय कारण आमच्या स्वयंपाकघराचा प्रश्न नेमका हाच होता. मूत्रपिंड सोडियम आणि लिथियम बरंचसं एकाच पद्धतीने हाताळतं. शरीरात मीठ किंवा पाणी कमी पडलं की ते सोडियम धरून ठेवायला जातं आणि त्यासोबत लिथियमही धरून ठेवतं. मग रक्तातली पातळी चढते. सासूबाईंना बीपी, त्यामुळे घरची आमटी कायम अळणी. डॉक्टर म्हणाल्या, “अळणी खा किंवा खारट खा, पण रोज सारखं खा. अचानक बदल नको.” तेव्हापासून माझ्या ताटात मीठ वेगळं, मोजून. लोणचं-पापडाचा सुकाळ नाही आणि ‘आजपासून मीठ बंद’ असला निर्धारही नाही.

मग उपवास. मी हरतालिका निर्जळी करत आले होते, आईकडून आलेलं. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत “उपवास कोणकोणते?” असं विचारून यादीच काढली आणि निर्जळी सगळे बंद केले. हे घरी कसं सांगायचं याची मला धास्ती होती. सासूबाईंनी ऐकून घेतलं, दोन दिवस काही बोलल्या नाहीत आणि मग म्हणाल्या, “पाणी पिऊन कर. पार्वतीला काय आपलं लॅबचं बिल भरायचंय?” (या वाक्यासाठी त्यांना माझ्याकडून एक साडी झाली.) उलट्या-जुलाब, ताप, उन्हाळ्यातला प्रवास, सगळीकडे हाच हिशोब. पोट बिघडलं की आधी डॉक्टरांना फोन.

आणि अंगदुखीच्या गोळ्या. आपल्याकडे मेडिकलवाल्याला ‘गुडघा दुखतोय’ म्हटलं की तो डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन काढून देतो. दोन्ही लिथियमची पातळी वाढवतात. बीपीच्या काही गोळ्याही वाढवतात. मला डोकेदुखीला पॅरासिटामॉल, बाकी काही घ्यायचं तर विचारून.

तपासणीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण घोळ तिथेच होतात. लिथियमच्या उपयोगाची पातळी आणि त्रासाची पातळी यांत अंतर कमी. साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान ठेवतात, १.५ च्या वर विषबाधेची भीती. रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं. मी रात्री साडेनऊला घेते, तर सकाळी साडेनऊला. लॅबमधली मुलगी दर वेळी ‘उपाशीपोटी या’ म्हणते. या तपासणीला त्याची गरज नाही, घड्याळाची आहे. सुरुवातीला डोस बदलला की आठवड्याने तपासणी, मग दर तीन महिन्यांनी, सोबत क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), थायरॉइड आणि कॅल्शियम, कारण हे औषध किडनी आणि थायरॉइडला त्रास देऊ शकतं.

एकदा रिपोर्टवर पातळी तीनच्या जवळ आली. तो आकडा पाहून माझे हातपाय गळाले. डॉक्टरांनी फोनवर विचारलं, “उलट्या? जुलाब? चालताना तोल जातोय? हात जोरात थरथरतायत?” काहीच नव्हतं. नेहमीसारखी वर्गातून आले होते. “रक्त घेतलं ती नळी कसल्या झाकणाची होती?” हिरव्या. त्या म्हणाल्या, हिरव्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून बहुतेक वेळा लिथियम हेपरिन घातलेलं असतं. म्हणजे नळीतलंच लिथियम मोजलं गेलं! तरी त्या रात्रीची गोळी थांबवून दुसऱ्या दिवशी साध्या नळीत परत रक्त द्यायला लावलं. पातळी अगदी नेहमीची निघाली. तेव्हापासून मी सुई टोचायच्या आधी नळीचं झाकण बघते आणि लॅबवाल्यांना ते अजिबात आवडत नाही.

त्रास आहेतच. तहान लागते, रात्री उठावं लागतं, वजन वाढलं. हात बारीक थरथरतो. अकाउंट्सच्या मास्तरणीला फळ्यावर लेजरची सरळ रेघ मारता येईना, पोरं हसायची. मग मी फूटपट्टी वापरायला लागले. इन्शुरन्सने आधी ‘मानसिक आजार आहे’ म्हणून क्लेम नाकारला. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये कलम २१(४) आहे, त्यानुसार शारीरिक आजारासारखाच विमा मानसिक आजारालाही द्यायचा आहे. ते लिहून पत्र दिलं आणि पैसे मिळाले.

गोळीने उदासी पुरती जात नाही. बायपोलरमध्ये बहुतेकांचा जास्त काळ उसळीत नाही, उदासीतच जातो. एका वाईट हिवाळ्यात नको ते विचार आले तेव्हा मी १४४१६ वर, टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला. मराठीत बोलता आलं. तो नंबर फ्रिजवर लावलेला आहे.

फ्रिजवर दुसराही एक कागद आहे. समुपदेशक ताईंनी तो आम्हा सगळ्यांना बसवून लिहून घेतला. सलग दोन रात्री पाच तासांहून कमी झोप झाली तर नवरा मला न विचारता डॉक्टरांना फोन करेल. मोठी खरेदी एक रात्र थांबेल. जागरण, मग ते गणपतीचं असो की लग्नाचं, मला माफ. शेवटचं कलम माझं: मी चिडले म्हणजे आजार उलटला, असं कुणी धरायचं नाही. झोपेची वही आधी बघायची.

गेल्या महिन्यात नवऱ्याने न विचारता त्याच्या मित्राला पैसे उसने दिले. मी जे तोंड सोडलं, ते शेजारच्या वाड्यात ऐकू गेलं असणार. त्याने कलमाप्रमाणे वही काढली, आठवडाभराची झोप पाहिली आणि आईकडे वळून म्हणाला, “सात-सात तास झोपलीये. म्हणजे खरंच रागावलीये.”