खारीने आधी काय सांगितले

मंगळवार, रात्री

आज वर्गात राल्फ वाल्डो इमर्सन यांची डोंगर आणि खार यांच्या भांडणाची कविता शिकवून झाली. शिकवून झाली असे लिहिते खरे, पण तास संपला एवढेच खात्रीने म्हणता येईल.

कविता अवघ्या 19 ओळींची आहे. डोंगर त्यात दोनच शब्द बोलतो, तेही खारीला हिणवण्यासाठी. बाकी बहुतेक सगळे खारीचे उत्तर आहे. डोंगराच्या तोंडच्या 'प्रिग' या शब्दाला मराठीत काय म्हणावे यातच माझा बराच वेळ गेला. 'शिष्ट' म्हटले तर त्यात भांडणाचा तिखटपणा उतरत नव्हता. शेवटी मुलांनीच 'दीडशहाणी' सुचवले आणि मी ते निमूटपणे स्वीकारले.

पुढचा गोंधळ मात्र माझाच. खार म्हटल्यावर 'खारीचा वाटा' येणार हे मला आधीच सुचायला हवे होते. एका मुलीने सेतूच्या गोष्टीतील वाळूचे कण वाहणारी खार आठवून सांगितले की, लहानांनीही मोठ्यांच्या कामाला हातभार लावावा, असे ही कविता सांगते. मी मान डोलावली आणि ते वाक्य फळ्यावर लिहिलेही. वास्तविक इमर्सन यांची खार कुणाच्याच कामाला हातभार लावत नाही. आपल्याला पाठीवर अरण्य वाहून नेता येत नाही हे ती कबूल करते आणि डोंगराला कवचाचे फळ फोडता येत नाही हेही ऐकवते. फळ तिचे, फोडणेही तिचेच. उलट डोंगराचे कौतुक करताना, तुझ्यामुळे खारींना धावायला छान वाट मिळते, हे मी नाकारणार नाही, असे ती म्हणते. एवढ्या मोठ्या डोंगराची किंमत एका पायवाटेएवढी, हा खट्याळपणा मुलांनी बरोबर पकडला आणि वर्ग हसला.

डोंगरावरची झाडे कोण लावते, असे कुणीतरी विचारले. खारी जमिनीत पुरून ठेवलेली सगळीच फळे पुन्हा उकरून काढत नाहीत आणि राहिलेल्यांपैकी काही रुजतात, ओकची कित्येक झाडे अशीच उगवतात, हे मी सांगितले. मुलांना ते फार आवडले. आता वाटते की तेवढ्याने मी खारीला पुन्हा वाटेकरीच करून टाकले. कवितेतील खार या श्रेयावर हक्क सांगतच नाही.

मग मी प्रत्येकाला, स्वतःला चांगली येणारी एक गोष्ट लिहायला सांगितली. मागच्या बाकावरच्या एका मुलाने पान कोरे ठेवले आणि विचारल्यावर शांतपणे म्हणाला, "बाई, मला विशेष असं काहीच येत नाही." मी घाईघाईने म्हटले, "असं कसं? तुझं अक्षर किती छान आहे!" त्याचे अक्षर छान नाही, हे त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही.

घरी आल्यावर कविता पुन्हा वाचली, या वेळी ओळींचा क्रम पाहत. गुण निरनिराळे असतात हे विधान येते थेट 17व्या ओळीत, आणि अरण्य व फळ तर शेवटच्या दोन ओळींत. त्याच्या कितीतरी आधी, वर्ष पुरे व्हायला सगळ्या तऱ्हेच्या वस्तू आणि सगळी हवामाने लागतात असे म्हणून खार सांगते की, आपली जागा व्यापून असण्यात मला कमीपणा वाटत नाही. तोवर तिने आपल्याला काय येते याचा उल्लेखही केलेला नसतो. मी मात्र शिकवायला सुरुवातच 17व्या ओळीपासून केली, आणि त्या मुलाकडून त्याच्या जागेचे भाडे मागावे तसा गुण मागितला.

उद्या 10व्या ओळीपासून पुन्हा वाचायचे आहे. त्याआधी अक्षराविषयीचे ते बोलणे त्याच्यापाशी जाऊन मागे घ्यायला हवे. फळ्यावरचे वाक्य एव्हाना पुसले गेले असेल. मुलांच्या वह्यांत ते तसेच आहे.