तुम्ही विचारलंत म्हणून: ही ‘हॅबरडॅशर्स’ मंडळी आहेत तरी कोण?

“मुलाला हॅबरडॅशर्सला घालायचंय, कधीपासून तयारी करावी?” हॅरो, पिनर, एजवेअरकडच्या मराठी घरांतून हा प्रश्न मला बारा महिने येतो. हॅबरडॅशर्स म्हणजे लंडनच्या वेशीवर एल्स्ट्रीला असलेली नावाजलेली खासगी शाळा. मी वायव्य लंडनमधल्या एका सरकारी माध्यमिक शाळेत करिअर सल्लागार आहे. म्हणजे प्रवेशपरीक्षेशी माझा काडीचा संबंध नाही, पण “तू शाळेतच असतेस ना” एवढं कारण लोकांना पुरतं. तयारीचं उत्तर शिकवणीवाले माझ्यापेक्षा बरं देतात. त्याच्या पाठोपाठ हमखास येणारा दुसरा प्रश्न मात्र मला आवडतो: “पण हे हॅबरडॅशर्स म्हणजे कोण गं? मिशनरी आहेत की कुठला ट्रस्ट?”

व्यापारी आहेत. निदान होते. टोप्या, फिती, बटणं, सुया विकणाऱ्यांचा हा लंडनमधला संघ. असे संघ जुन्या लंडन शहरात शंभराहून जास्त आहेत आणि त्यांना लिव्हरी कंपन्या म्हणतात. सोनारांचा, शिंप्यांचा, कातडीवाल्यांचा, मासे विकणाऱ्यांचा, घोड्यांना नाल ठोकणाऱ्यांचाही. धंदा कोणी करायचा, माल कसा असावा, उमेदवारी (उस्तादाच्या हाताखाली राहून काम शिकणं) किती वर्षांची, हे सगळं एकेकाळी यांच्या हातात होतं. ती सत्ता बहुतेकांची केव्हाच गेली, जमिनी आणि इमारती राहिल्या. शाळांची गोष्ट या जमिनींतूनच सुरू होते, कारण मूलबाळ नसलेला किंवा असूनही पुण्याची काळजी वाटणारा व्यापारी मरताना आपला पैसा संघाच्या स्वाधीन करायचा आणि सांगायचा, याच्या उत्पन्नातून अमुक इतक्या पोरांना शिकवा.

रॉबर्ट आस्क हा असाच एक रेशमाचा व्यापारी. १६८९ साली वारला तेव्हा त्याने हॅबरडॅशर्सच्या हाती २०,००० पाउंड ठेवले. त्यातून संघातल्या वीस गरीब, एकट्या म्हाताऱ्यांना आसरा द्यायचा आणि संघाच्याच गरीब सभासदांच्या वीस मुलांना शिक्षण द्यायचं. हॉक्स्टनला इमारत उभी राहिली. पुढे एकोणिसाव्या शतकात योजना बदलली, म्हाताऱ्यांचा आश्रम बंद झाला, शाळा वाढल्या. हॉक्स्टनमधली मुलांची शाळा हॅम्पस्टेडमार्गे १९६१ साली एल्स्ट्रीला गेली. तुम्ही जिच्यासाठी इयर फोरपासून, म्हणजे आठ-नऊ वर्षांचा असल्यापासून, पोराला जुंपता ती हीच. तिची फी वर्षाला वीस हजार पाउंडांच्या बरीच पुढे आहे आणि जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅटही लागतो. त्याच देणगीतून १८७५ साली न्यू क्रॉसला निघालेल्या शाळा आज हॅबरडॅशर्स हॅचम कॉलेज म्हणून चालतात. ते कॉलेज सरकारी अनुदानावर आहे आणि तिथे फी नाही. एकाच मृत्युपत्राची ही दोन लेकरं. तुमच्यापैकी कोणी हॅचमबद्दल विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

आस्कचे पैसे गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीतही गुंतलेले होते. म्हणून २०२१ साली शाळांनी आपल्या नावातून त्याचं नाव काढून टाकलं. संघाचं नाव राहिलं, पैसाही राहिला. यावर आपल्या मराठी मंडळात एकदा बराच वाद झाला होता. माझं म्हणणं इतकंच, की तो पैसा एल्स्ट्रीपेक्षा न्यू क्रॉसला जास्त शोभतो.

आपल्याला ही पद्धत परकी वाटायचं कारण नाही. नाशिकच्या लेण्यांत नहपान राजाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, मिळून ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवले, दोन हजार एकीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने आणि एक हजार दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधी परत मागायचं नाही, व्याजातून लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या वस्त्रांचा वगैरे खर्च भागवायचा. तिथे शाळेचा काही संबंध नव्हता, पण राजे येतात-जातात, कारागिरांचा संघ टिकतो, हा हिशेब तोच. लंडनमध्ये जॉन कॉलेटने १५०९ च्या सुमारास सेंट पॉल्स शाळा काढली तेव्हा तो स्वतः त्या कॅथीड्रलचा डीन होता. तरी त्याने शाळा चर्चकडे दिली नाही, कापडाच्या व्यापाऱ्यांच्या म्हणजे मर्सर्स कंपनीच्या हवाली केली. बाप मर्सरच होता, तेव्हा या माणसांना तो चांगला ओळखून होता.

आता माझ्या कामाकडे येते, कारण माझ्या शाळेतल्या मुलांना ना एल्स्ट्री दिसते ना सेंट पॉल्स.

इंग्लंडमध्ये शाळांच्या करिअर मार्गदर्शनासाठी गॅट्सबी नावाच्या संस्थेचे आठ निकष वापरतात. त्यातला एक सांगतो की अकराव्या वर्षापासून प्रत्येक मुलाची दरवर्षी निदान एकदा तरी खऱ्याखुऱ्या नोकरी-धंदेवाल्या माणसाशी भेट व्हावी. कागदावर साधी गोष्ट आहे. प्रत्यक्षात पंधरा वर्षांच्या मुलाला आठवडाभर कामाचा अनुभव घ्यायला पाठवायचं म्हटलं की घराघरांतला फरक उघडा पडतो. ज्याची आई बॅरिस्टर, तो आईच्या मैत्रिणीच्या चेंबरमध्ये जातो. ज्याचे वडील रात्री मिनीकॅब चालवतात, तो कोपऱ्यावरच्या दुकानात डबे रचतो. हुशारी तीच, ओळख वेगळी. आपण गावाकडे ज्याला वशिला म्हणून नावं ठेवतो, तो इथेही आहे, फक्त टाय लावून हिंडतो.

गिल्डवाल्यांचा, म्हणजे या संघांचा, उपयोग मला दिसतो तो इथे. लिव्हरी कंपन्यांनी अलीकडे सरकारी अनुदानावरच्या शाळांना हात दिलाय. २०१० साली स्किनर्स अकॅडमी आणि ड्रेपर्स अकॅडमी निघाल्या, २०११ साली हॅमरस्मिथ अकॅडमी. या शाळांचा रोजचा खर्च सरकारच देतं, त्यामानाने संघाचा पैसा वरची साय. पण शाळेच्या नियामक मंडळावर त्यांची माणसं बसतात, मुलाखतीचा सराव घेतात, कारखान्याचं दार उघडून देतात. ज्या मुलाला कोणी ओळखत नाही त्याच्यासाठी संघ ओळखीचा माणूस होतो. धनिकांच्या पोरांना जन्मतः मिळतं ते या पोरांना उसनं का होईना मिळतं, आणि माझ्या मते शिष्यवृत्तीच्या चेकपेक्षा याची किंमत जास्त आहे.

गिल्डहॉलमध्ये, म्हणजे जुन्या लंडन शहराच्या सभागृहात, या कंपन्या एकत्र येऊन शाळकरी मुलांसाठी करिअरचा मेळावा भरवतात. मी मुलांना घेऊन जाते. पत्रकं वाटणारी टेबलं मला कंटाळवाणी वाटतात, आणि मुलांना तर वाटतातच. हातात काही देणाऱ्या टेबलापाशी मात्र गर्दी हटत नाही. वर्गात कधी तोंड न उघडणारी माझी एक विद्यार्थिनी नालबंदाशी किती वेळ बोलत उभी होती! नाल ठोकणं म्हणजे जत्रेतला खेळ वाटेल, पण इथे १९७५ च्या कायद्याने नोंदणी नसलेल्या माणसाला कुणाच्याही घोड्याला, अगदी स्वतःच्यासुद्धा, नाल ठोकता येत नाही, आणि त्या कामाची पदविका आजही वर्शिपफुल कंपनी ऑफ फॅरियर्सच्या, म्हणजे नालबंदांच्या संघाच्या, नावाने मिळते. म्हणजे काही संघांचा आपल्या धंद्याशी असलेला धागा तुटलेला नाही. हॅबरडॅशर्सपैकी आज किती जण बटणं विकत असतील कोण जाणे.

सोनारांचा संघ या बाबतीत सगळ्यांत पक्का. सोन्या-चांदीची कस-तपासणी आणि शिक्के मारणं १४७८ पासून गोल्डस्मिथ्स हॉलशी बांधलेलं आहे, आणि उमेदवारांच्या नोंदवह्या १५७८ पासूनच्या आहेत. आजही उमेदवार हॉलमध्ये येऊन संघाच्या अधिकाऱ्यांसमोर करारावर सही करतो, मग उस्तादाच्या हाताखाली काही वर्षं काढतो, आणि शेवटी स्वतःच्या हाताने एक वस्तू घडवून दाखवतो. ती पसंत पडली की संघाचा सभासद होण्याचा हक्क त्याने कामाने मिळवलेला असतो. बापाच्या नात्याने किंवा पैसे भरूनही सभासद होता येतं, पण कारागिरांमध्ये मान या रस्त्याला. २०१२ साली या संघाने क्लार्कनवेलमध्ये, व्हिक्टोरियन काळातल्या एका जुन्या शाळेच्या इमारतीत, गोल्डस्मिथ्स सेंटर सुरू केलं. शाळा संपवलेल्या मुलांसाठी तिथे वर्षभराचा पूर्णवेळ पायाभूत अभ्यासक्रम असतो. खाली कापडी झोळी लटकवलेला, पुढून गोल कापलेला बाक, हातात करवत आणि कानस, समोर पितळेचा पत्रा. सोन्याचा कीस झोळीत पडावा म्हणून ती झोळी, हे आपल्या सराफकट्ट्यावरच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. त्याच इमारतीत धंदा करणाऱ्या कारागिरांचे कारखानेही आहेत, त्यामुळे शिकणाऱ्या पोराला जिन्यात, चहाच्या वेळी धंदा कानावर पडतो. भाव काय, गिऱ्हाईक कसं अडवतं, बिल कधी वसूल होतं. हे कुठल्या वर्गात शिकवणार?

यांना डोक्यावर घ्यावं असं मी म्हणत नाही. फरची किनार लावलेले झगे, चांदीच्या ताटांतली जेवणं, आणि टेबलाभोवती बऱ्याचदा एकाच वयाचे, एकाच रंगाचे पुरुष. परोपकारही यांना नेहमी आपणहून सुचला असं नाही. एकोणिसाव्या शतकात “एवढी संपत्ती घेऊन तुम्ही करता काय?” असं संसदेत आणि बाहेर विचारलं जाऊ लागलं, जर्मनीचे कारखाने पुढे जाताना दिसू लागले, तेव्हा १८७८ साली सोळा कंपन्या आणि सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशन (जुन्या लंडन शहराची पालिका) यांनी मिळून सिटी अँड गिल्ड्स ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली. आपल्याकडच्या जुन्या इंजिनियरांच्या नावापुढे ‘सिटी अँड गिल्ड्स, लंडन’ असं मोठ्या अभिमानाने लिहिलेलं असायचं, ते हेच. दबावाखाली केलेलं काम पण चांगलं असू शकतं. शिवाय पसारा छोटा आहे. लंडनच्या बाहेरच्या एखाद्या पडक्या बंदरगावातल्या मुलापर्यंत यातलं फार थोडं पोचतं.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एल्स्ट्रीची परीक्षा द्यायची तर जरूर द्या, फीमध्ये सवलत देणाऱ्या बर्सरी असतात त्यांचा अर्जही न लाजता भरा. पण घरात हाताने काम करण्यात रमणारं मूल असेल तर सोळाव्या वर्षी त्याला निमूट ए-लेव्हलच्या (इथल्या अकरावी-बारावीच्या) रांगेत ढकलण्याआधी क्लार्कनवेलला एक चक्कर मारा. “आमच्यात सोनारकाम कोणी केलं नाही” असं एक काकू मला म्हणाल्या, जणू ते पत्रिकेत लागतं. एप्रिल २०२५ मध्ये उमेदवाराचं किमान वेतन ताशी ७ पाउंड ५५ पेन्स झालं. त्याच वर्षी विद्यापीठाची फी वर्षाला ९,५३५ पाउंड झाली. एकात पैसे येतात, दुसऱ्यात कर्ज चढतं, एवढा हिशेब तरी मुलासमोर मांडा.

आणि आयटीतल्या सगळ्या दादा-वहिनींसाठी: तुमच्या धंद्याचीही लिव्हरी कंपनी आहे. इन्फॉर्मेशन टेक्नॉलॉजिस्ट्स, १९९२ साली शंभरावी म्हणून मान्यता मिळालेली. वर म्हटलेली हॅमरस्मिथ अकॅडमी तिने मर्सर्सच्या जोडीने उभी केली आहे. सभासदत्व राहू द्या, त्याला वेळ आणि पैसा लागतो. पण शाळांना नियामक मंडळावर माणसं हवी असतात, मुलाखतीचा सराव घ्यायला हवी असतात, आठवडाभर एक पोरगं ऑफिसात बसवून घेणारी तर फारच हवी असतात. माझ्याकडेच या उन्हाळ्यासाठी जागा न मिळालेल्या मुलांची यादी आहे. तुमच्या ऑफिसात एक खुर्ची रिकामी असेल तर आधी ते सांगा, एल्स्ट्रीबद्दल मग बोलू.