घरपट्टी, पाणीपट्टी, बँडपट्टी

"घरपट्टी समजली, पाणीपट्टी समजली. ही बँडपट्टी कसली बाबा?" तात्यांनी चुना लावलेलं पान तसंच हातात धरलं. "वाजपाच्या नावानं सरकार पैसे उकळतंय?"

"सरकार नाही तात्या. गावानंच मतं टाकून स्वतःवर बसवून घेतलीय."

"येडी हाईत," म्हणाले आणि पान तोंडात टाकलं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या देवळाच्या कट्ट्यावर हे बोलणं झालं. बेळगावच्या पश्चिमेला, मार्कंडेय नदीच्या अंगाला असलेलं भात-रताळ्याचं गाव. तीन वर्षांनी सुट्टी जुळली ती नेमकी भजन स्पर्धेच्या दिवसांत. तात्या म्हणजे माझे चुलत चुलते, मंडळाचे पेटीवाले. त्यांना येडी वाटलेली माणसं अमेरिकेतल्या आयोवातली. मी तिथे राहतो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून निघालो तो तिकडच्या फाउंड्रीत जाऊन पडलो, त्यामुळे अमेरिका म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर येतं त्यातलं काहीच माझ्या वाट्याला नाही. दोन हजारांच्या आतली वस्ती, चारी बाजूंना मका आणि सोयाबीन, आणि जून-जुलैत दर गुरुवारी संध्याकाळी गावचा बँड.

गावचा म्हणजे खरंच गावचा. औषधांच्या दुकानातला माणूस, पोस्टातली बाई, दोन शेतकरी, शाळेतून निवृत्त झालेले संगीताचे मास्तर आणि सुट्टीला लागलेली हायस्कूलची पोरं. बागेत गोल ओटा आहे, वर छप्पर. तिथे ही मंडळी कागद बघून वाजवतात, आणि वारा सुटतो म्हणून त्या कागदांना कपड्यांचे चिमटे लावलेले असतात. साडेसात म्हणजे साडेसात. तेव्हा चांगलं ऊन असतं, सूर्य मावळायला पावणेनऊ होतात. लोक घरून घडीच्या खुर्च्या घेऊन येतात. म्हातारीकोतारी गाड्या बागेच्या कडेला लावून काचा खाली करतात आणि आतच बसतात. गाणं संपलं की टाळ्या खुर्च्यांवरून येतात आणि गाड्यांतून हॉर्न.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकून मागे बघितलं, कुणाची वाट अडवली की काय. एरवी त्या देशात हॉर्न म्हणजे शिवी. दहा वर्षांत ऑफिसला जाता-येता मी तो किती वेळा ऐकला असेल, बोटांवर मोजता येईल. आणि इथे सत्तरीच्या आज्या मांडीवर कुत्रं घेऊन पॅं-पॅं-पॅं वाजवतायत, कौतुक म्हणून! खानापूर रोडवरच्या टेम्पोवाल्यांना हे कळलं तर ते जन्मभराचे रसिक ठरतील.

पट्टीचा शोध मला घर घेतल्यावर लागला. नव्यानं कर भरायला लागलेला माणूस टाउनचं अंदाजपत्रकसुद्धा वाचतो. रस्ते, बर्फ काढणं, लायब्ररी, आणि खाली एक ओळ: बँड. आधी वाटलं कुणीतरी थट्टा केलीय. मग मास्तरांनी सांगितलं की आयोवात 1921 साली तसा कायदाच झाला. गावानं मतदान करायचं, बहुमत झालं तर बँडच्या खर्चाला कर लावता यायचा. त्याला मर्यादाही घातलेली होती, मालमत्तेच्या दर हजार डॉलरांमागे जास्तीत जास्त साडेतेरा सेंट. माझ्या घराला हिशेब केला तर वर्षाला दहा-बारा डॉलर. फोर्ट डॉजला कार्ल किंग नावाचा बँडमास्तर होता, आधी सर्कशीत बँड चालवायचा, त्यानं या कायद्याचंच नाव देऊन एक मार्च, म्हणजे संचलनाची धून, रचला. कायद्यावर चाल बांधणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत. आमच्या सीमाभागात कायद्यावर मोर्चे निघतात, तेवढा एक 'मार्च' सोडला तर.

तर ही सगळी कथा मी मोठ्या उत्साहानं कट्ट्यावर सांगितली. कारण स्पष्टच सांगतो, आदल्या रात्री माझं डोकं फिरलं होतं.

स्पर्धा सात वाजता. पत्रिकेवर छापलेलं, "ठीक" हा शब्द लावून. आठ वाजता मांडवात सतरंज्या पडल्या. साडेआठला पाहुणे आले. मग दीपप्रज्वलन, मग प्रतिमापूजन, मग प्रास्ताविक, आणि मग सत्कार. मी मोजले. बेचाळीस. शाल, श्रीफळ, फेटा. मांडव देणाऱ्याचा सत्कार, खुर्च्या देणाऱ्याचा सत्कार, ज्यानं शाली दिल्या त्याला त्यातलीच एक शाल. निवेदक प्रत्येकाला "यांच्याबद्दल काय बोलावं" असं म्हणून वर बोलतच होता. फेटा बांधणारा एकच होता, त्यामुळे पाहुण्यांची रांग लागली होती, न्हाव्याकडे लागते तशी. वर्गणीची यादी कर्ण्यावरून वाचली गेली: अमुक तमुक, पाचशे एक, अमुक तमुक, एक हजार एक. मधल्या काळात मांडवाच्या मागे शेजारच्या तालुक्यातून आलेलं एक मंडळ गणवेश घालून, पखवाजाच्या धुम्याला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक लावून बसलं होतं. कणीक सुकली. त्यांच्यातल्या पोरानं ती काढली, पाणी लावून पुन्हा मळली आणि पुन्हा थापली. हे मी माझ्या डोळ्यांनी दोनदा पाहिलं.

सव्वानऊला पहिल्या मंडळानं तोंड उघडलं आणि दहाला कर्णा बंद. रात्री दहानंतर लाउडस्पीकर नाही, हा नियम 2000 सालापासून देशभर आहे, आणि सीमेवरच्या मराठी गावात पाळला जातोय ना हे बघायला पोलिसांची गाडी वेळेवर येते. बेचाळीस सत्कार आणि तीन अभंग, असा त्या रात्रीचा हिशेब.

आता तुम्हाला वाटेल, कर्णा बंद झाला तेव्हा मला हायसं वाटलं असेल. वाटलंच. आवाज असा होता की पेटी पत्र्याची वाटत होती. मी घरी येऊन म्हटलंसुद्धा, "बरं झालं, आता खरं भजन ऐकू येईल." काकू भाकरी थापत होत्या. थापता थापता म्हणाल्या, "तुमास्नी येईल. मांडवात बसणाऱ्यास्नी. आमी हितनंच ऐकतो न्हवं? कर्णा बंद झाला की बायकांचं भजन संपलं."

मी गप्प. इतकी वर्षं त्या गावात वाढलो आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. निम्मं गाव भजन चुलीपुढे, गोठ्यात, ओसरीवर बसून ऐकतं. तो कर्णा त्यांच्यासाठी लावलेला असतो. आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. त्या आवाजाच्या पेटाऱ्यावर पांढऱ्या रंगात माझ्या वडिलांचं नाव आहे, "यांच्या स्मरणार्थ", खाली माझं, आणि कंसात अमेरिका. तीन वर्षांपूर्वी मीच पैसे पाठवले होते. यादीत माझं नाव तीनदा वाचलं गेलं. आणि हो, सत्कार क्रमांक सतरा माझा. फेटा अजून बॅगेत आहे.

तरीही बँडपट्टीची बाजू मी सोडली नाही. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर म्हटलं, वर्गणी म्हणजे दर वर्षी दारोदार फिरणं, कुणी दिली नाही की वर्षभर अबोला. त्यापेक्षा घरामागे ठरलेली रक्कम, कुणाचं नाव नाही, कुणाचा फेटा नाही. तात्यांनी ऐकून घेतलं. "कागद बघून वाजवतात म्हणालास न्हवं?"

"होय."

"मग त्यास्नी पट्टी पायजेच. कागद इकत घ्यावं लागत असतील."

मंडळी हसली. मीही हसलो, पण मनात अभिमानच वाटला. आमच्या मंडळात कागद कुणाकडेच नाही. रूपाचा अभंग ते भैरवी, मधल्या गवळणींसकट, सगळं पाठ, आणि यातले निम्मे लोक सातवीच्या पुढे गेलेले नाहीत. तिकडच्या मास्तरांना एकदा मोबाईलवर आमच्या भजनाचा व्हिडिओ दाखवला होता. त्यांनी पेटी बघून विचारलं, हे अ‍ॅकॉर्डियन का? झालं! मी त्यांना उभ्या उभ्या व्याख्यान दिलं. आमच्या जिल्ह्यातल्या सुळेभावीत 1924 साली कुमार गंधर्व जन्मले. पेटीवाले रामभाऊ विजापुरे बेळगावचे, 1917 ते 2010 एवढं आयुष्य, आणि ते पेटीतच गेलेलं. 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली, ती तीस वर्षं टिकली, तरी आमच्या एकाही देवळातून पेटी हलली नाही. (पेटी मुळात युरोपातून आली, एवढं मात्र मी गाळलं.) मास्तरांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तू काय वाजवतोस?"

मी म्हटलं, "हॉर्न."

विनोद केला होता. पण त्यांच्यात हॉर्न नावाचं पितळी वाद्य असतं आणि त्या उन्हाळ्यात बँडला एक हॉर्नवाला कमी होता. गृहस्थ इतके खूश झाले की खरं सांगता सांगता मला घाम फुटला.

मी पखवाज वाजवायचो. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत. मग शिफ्ट सुरू झाल्या, मग पुणे, मग हे. तिकडे कुठे वाजवणार? शेजारी काय म्हणतील? कणीक रोज मळली जाते घरात, तो प्रश्न नाही. वेळ मिळत नाही. आणि मी पैसे पाठवतो, नियमित पाठवतो. गावात राहून एक रुपया न देणारेही आहेत.

आमच्या मंडळाला आता पखवाजी नाही. बैलहोंगलकडचा एक पोरगा सुपारी घेऊन येतो, वीस-एकवीस वर्षांचा. घरी कानडी पदं गातो. कर्णा बंद झाल्यावर देवळाच्या आत भजन पुढे चालू झालं तेव्हा मी त्याच्याच शेजारी टाळ घेऊन बसलो. मला ऐकू येत होतं, तो ओठांत मात्रा मोजत होता, वंदू, येरडू, मूरू, नाल्कू, आणि वर मराठी अभंग चाललेला. समेवर बरोबर यायचा. माझा टाळ दहा मिनिटांत खाली आला. मनगटच उचलेना. त्यानं वाजवता वाजवता माझ्याकडे बघितलं आणि जरा लय उतरवली. कुणाच्या लक्षातही आलं नसेल. माझ्या आलं.

परत येऊन महिना झाला. काल गुरुवार. तिकडचे काजवे आता संपले असतील, इथले मक्याच्या कडेनं नुकते सुरू झालेत. बागेत पोचायला मला उशीर झाला आणि खुर्ची आणायची राहिली, म्हणून गाडीतच बसलो. साडेसात म्हणजे तुमच्याकडे शुक्रवारचे सकाळचे सहा. तात्यांना फोन लावला. ते गोठ्यात होते, बादलीत धार पडल्याचा आवाज येत होता. म्हटलं, ऐका, बँडपट्टीचा बँड. फोन खिडकीबाहेर धरला.

तात्यांनी धार थांबवली. अख्खा मार्च ऐकला, एक शब्द न बोलता. संपल्यावर चहूकडून हॉर्न वाजले.

"कुणाची गाडी आडवी आलीय रे?"

"नाही तात्या, त्या टाळ्या आहेत."

"आसं." जरा थांबले. "वाजिवत्यात बरं. खरं तो ढोलवाला मागं पडालाय."

"कोण?"

"ढोलवाला. दुसऱ्या फेरीपासनं मागं हाय. सांग त्याला."

आणि बादलीत पुन्हा धार सुरू झाली. बाहेर मास्तर पुढचा कागद चिमट्यात अडकवत होते. औषधवाला मोठा ढोल पोटावर सावरून आमच्याच गाडीकडे बघत होता. एवढ्या गाड्यांत माझाच हॉर्न वाजला नव्हता, म्हणून असेल. मी वाजवला.