अंगणातल्या बाकाला सागवानच कशाला?

अंगणात बाक करायचा म्हटलं की आमच्या दापोलीकडे जो तो 'सागवानच घ्या' म्हणतो, आणि सागवानाचा भाव ऐकला की तोच माणूस प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन येतो. माझं म्हणणं एवढंच की जे लाकूड बारा महिने बाहेर राहणार त्याचं नाव नंतर विचारा, आधी त्यात गाभा किती ते बघा.

वखारीत हल्ली परवडणाऱ्या भावात जो साग मिळतो तो बहुतेक कोवळ्या झाडाचा. फळीचं टोक उजेडात धरलंत तर मध्ये सोनेरी-तपकिरी भाग दिसेल, तोच गाभा, आणि कडेला पांढुरका. सागाचं जे काही कौतुक आहे ते त्या तपकिरी भागाचं. पांढरं लाकूड सागाचं आहे की आंब्याचं, हे वाळवी विचारत बसत नाही. गडद पॉलिश चढलं की हा फरक दिसेनासा होतो, म्हणून तयार, चकचकीत बाक मी विकत घेत नाही.

त्यापेक्षा किंजळाचं लाकूड घ्या. कोकणातल्या जुन्या घरांचे वासे बघा, किंजळ आणि ऐन या झाडांचं लाकूड भरपूर सापडेल. ऐन जास्त कणखर, पण वाळताना तडकतो आणि रंध्याचं पातं बोथट करतो. आमचे सुतारकाका ऐन बघितला की मजुरी वाढवून सांगतात. फणसही उत्तम. कापल्यावर हळदीसारखा पिवळा दिसतो आणि उन्हात हळूहळू तांबूस तपकिरी होतो. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर इकडे आंबे, फणस, सुरू यांचे ओंडके जागोजागी पडून होते. त्यातला आंबा फक्त पडवीपुरता. बाहेर भिजला की तो कुजतो आणि भुंगेही पोखरतात.

सगळ्यात स्वस्त पडतं ते मोडलेल्या कौलारू घराचं लाकूड. स्लॅबचं घर बांधायचं म्हणून लोक जुने वासे जळणाच्या भावात देऊन टाकतात. ते वर्षानुवर्षं वाळलेलं असतं, आता आणखी वाकायचं नाही. फक्त लाकूड कापायच्या गिरणीवर नेण्याआधी एकूण एक खिळा उपटा. करवतीच्या पट्ट्याला खिळा लागला तर गिरणीवाला पुन्हा दारात उभं करत नाही, आणि त्यात त्याचं चुकतं असंही मला वाटत नाही.

स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या, इथे काटकसर नको. ऐन, किंजळ, बाभूळ या लाकडांत टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर. साधं लोखंड आणि पाणी यांची गाठ पडली की प्रत्येक खिळ्याभोवती निळसर काळा डाग धरतो आणि पावसात खाली ओघळतो. पांढऱ्या लेंग्यात बसलेल्या पाहुण्यांना तो घरी गेल्यावर कळतो.

बाक कुजायला लागतो तो पायांच्या तळापासून. लाकडाची उभी शिरा टोकाकडून पाणी वर ओढते. म्हणून पायाखाली दगडी चिऱ्याचा तुकडा द्यावा, तळाला काजूच्या टरफलांचं तेल दोनतीनदा पाजावं. होड्यांनाही ते लावतात. हातमोजे मात्र हवेतच, कारण ते कातडीवर बिब्ब्यासारखं उततं. बसायच्या फळ्यांना ते लावू नका. त्यांच्यामध्ये करंगळीएवढी फट ठेवली की पाणी साचत नाही.

आणि परसात स्वतःचा फणस किंवा किंजळ उभा असला तरी कुऱ्हाड लावण्याआधी परवानगी काढा. महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, ऐन, किंजळ, आंबा, फणस सगळे आहेत.