तार तिरकी असली की

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. दिंडोरीकडे एका द्राक्षबागायतदारांच्या पडीक वावरात आम्ही फवारणीच्या ड्रोनची टेस्ट घेत होतो, म्हणजे समोर काही आलं तर तो आपणहून थांबतो की नाही ते बघायचं. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी साइटवर ग्रीन झोन, म्हणजे ड्रोन उडवायला मोकळा भाग, बघूनच जागा धरलेली. झाड, ट्रॅक्टर हे त्याच्या रडारने आदल्या दिवशीच नीट पकडलं होतं, माझा जीव अडकला होता तारेत, कारण आपल्याकडे वावरावावरातून ११ केव्हीच्या विजेच्या लाइनी गेल्यात आणि बागेत तर तारच तार.

खऱ्या लाइनपाशी जायचा प्रश्नच नव्हता. दोन बांबूंमध्ये ४ मीटर उंचीवर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार ताणली, एक टोक मुद्दाम सुतळीने बांधलं, धडकलाच तर सुतळी तुटावी म्हणून. टाकीत १० लिटर पाणी, कारण भरलेल्या ड्रोनला थांबायला जास्त अंतर लागतं, रिकाम्यावर टेस्ट घेऊन काय कळणार. वेग सेकंदाला ४ मीटर. २० फेऱ्या मारल्या आणि वीसच्या वीस वेळा तो तारेच्या अलीकडेच थांबला. मी शीटवर पास लिहायला घेतलं होतं.

बांधावर बसून बघणारे वावराचे मालक बाबा म्हणाले, "ताई, तो दरवेळी तारेवर सरळच चाललाय. आमच्या वावरात लाइन तिरकी गेलीय की."

मी पेन खाली ठेवलं. ४५ अंशातून सोडला. थांबलाच नाही! पायलटदादाने स्टिक ओढेपर्यंत सुतळी तुटली, ड्रोन ढेकळांत पडला, दोन पाती गेली आणि टाकी फुटली.

कारण तसं साधं आहे, बारीक तारेवर रडारच्या लाटा काटकोनात पडल्या तर परत येतात, तिरक्या पडल्या तर आरशावरच्या उजेडासारख्या भलतीकडेच जातात आणि ड्रोनला समोर मोकळं रान दिसतं. हे मला माहीत होतं हो, पुस्तकात वाचलेलं, तरी वीस फेऱ्या सरळच मारल्या.

संध्याकाळी ऑफिसातून फोन, सरळ फेऱ्यांचा रिपोर्ट आधी पाठवता येईल का. मी नाही म्हटलं. ज्याच्या वावरात लाइन तिरकी आहे तो माणूस त्या पासवर विश्वास ठेवून खाली उभा राहणार ना! दुसऱ्या दिवशी नवी पाती लावून १५-१५ अंशांनी बांबू सरकवत परत पहिल्यापासून सुरू केलं, आणि बांबू धरायला बाबा स्वतः आले.