घरच्या कणसाला गाड्यावरच्या कणसाचा वास का येत नाही

पावसाळा लागला की ओळखीतल्या निम्म्या लोकांची एकच तक्रार असते, अगं आम्ही घरी गॅसवर कणीस भाजतो, छान काळं पण होतं, लिंबू मीठ तिखट सगळं चोळतो, पण पणजीत मिरामारच्या किनाऱ्यावर गाड्यावर खातो तसं काही लागत नाही. मग कोणीतरी म्हणतं की बाहेरची हवा असते, पाऊस असतो, समुद्र असतो म्हणून तसं वाटतं. असेल थोडंफार. पण चोर्ला घाटात गाडी थांबवून जे कणीस खातो ते गाडीच्या काचा बंद करून खाल्लं तरी तसंच लागतं की, त्यामुळे सगळं श्रेय हवेला द्यायला मी तयार नाही.

खरं कारण सोपं आहे. गॅसला धूरच नाही तर कणसाला वास कुठून लागणार? सिलिंडरमधला प्रोपेन-ब्युटेन नीट जळला की मागे उरते पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड, वास कशालाच नाही. त्या निळ्या ज्योतीवर दाण्याचं साल करपतं, आतली साखर थोडी जळते, तो खमंगपणा येतो, नाही असं नाही, पण करपणं वेगळं आणि धूर लागणं वेगळं. धुराचा वास येतो लाकूड अर्धवट जळताना. लाकडात लिग्निन म्हणून एक चिवट द्रव्य असतं, ते तापून फुटलं की त्यातून ग्वायकॉल, सिरिंगॉल असली वासाची रसायनं सुटतात, आणि आपण ज्याला चुलीवरची चव म्हणतो ती मुख्यतः यांची. म्हणून इंडक्शनवर तव्यात, मायक्रोवेव्हमध्ये, एअर फ्रायरमध्ये कितीही फिरवा, कणीस शिजेल, डाग पण पडतील, धूर काही लागायचा नाही.

आता गंमत अशी की नुसत्या कोळशालासुद्धा फार धूर नसतो, कारण कोळसा म्हणजे आधीच जळून धूर काढून घेतलेलं लाकूड. गाड्यावर बघा कधी नीट उभं राहून. ती बाई पंख्याने सारखा वारा घालत असते, मधेच कणसाची सोललेली पानं निखाऱ्यात पडतात, मिशा जळतात, एखादा अर्धवट जळलेला कोळशाचा तुकडा धुमसत असतो आणि कणीस अगदी निखाऱ्याला टेकवलेलं असतं. चव त्या सगळ्या पसाऱ्याची आहे, एकट्या कोळशाची नाही.

आणि आपण गोव्यात राहतो म्हटल्यावर धुरासाठी बाजारात काही शोधायची गरजच नाही, रोज नारळ फुटतो घरात. करवंटी! तिच्यात लिग्निन भरपूर, घट्ट असते त्यामुळे निखारा बराच वेळ टिकतो, आणि धुराला एक गोडसर वास असतो. आमच्या सासूबाई डिचोलीच्या, त्या करवंट्या कधीच टाकत नाहीत, माळ्यावर पोत्यात भरून ठेवतात, पावसात खाली ठेवल्या तर दमट होतात आणि मग नुसता डोळ्यात जाणारा धूर. कोरड्या, जुन्या, आत खोबऱ्याचा पापुद्रा नसलेल्या करवंट्या घ्यायच्या, बाहेरच्या शेंड्या सुरीने खरवडून काढायच्या कारण त्या जळल्या की उग्र वास येतो.

कणसाबद्दल आधी बोलू, कारण तिथेच अर्धा खेळ ठरतो. गोव्यात वर्षभर मिळतो तो बहुतेक स्वीट कॉर्न, बाकीच्या भाजीसारखा तोही बराचसा बेळगावकडून येतो. उकडून खायला मस्त, भाजायला मला तो आवडत नाही, सरळ सांगते. त्याच्या दाण्यात साखरेचा स्टार्च व्हायची क्रियाच मंद असते, म्हणून तो गोड आणि पाणीदार, निखाऱ्यावर धरला की साल सुरकुततं, साखर पटकन जळते आणि आत सगळं रसरशीत ओलं राहतं, धूर धरतच नाही. साधा मका, पांढरट किंवा फिकट पिवळा, दाताखाली जरा चिवट लागणारा, तो भाजायचा. श्रावणाच्या आसपास मापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तवशी, भेंडी, दोडकी घेऊन बसलेल्या बायका असतात ना, त्यांच्याकडे बघायचं, विचारलं की त्याच सांगतात, "हें गांवठी बाय, गोड न्हय." तेच पाहिजे.

घेताना वरची पानं हिरवी आणि घट्ट, मिशा टोकाला तपकिरी आणि जरा चिकट. मग थोडं सोलून एका दाण्यात नख रोवायचं. पाण्यासारखं बाहेर आलं तर कोवळा, दुधासारखं आलं तर उकडायला योग्य, आणि दूध घट्ट होऊन सायीसारखं झालंय पण नख अजून आत जातंय, तो भाजायचा. नख जातच नसेल तर राहू दे, कोंबड्यांना घाला. मिशांची एक गोष्ट मला फार आवडते, प्रत्येक केस एकेका दाण्याला जोडलेला असतो. त्या केसावर पराग पडला तर दाणा भरतो, नाही पडला तर तिथे खड्डा राहतो. त्यामुळे मधेमधे दात पडल्यासारखं कणीस मिळालं तर भाजीवालीशी भांडू नका, तिची काही चूक नाही. आणि आणलं की त्याच दिवशी भाजायचं, तोडल्यापासून साध्या मक्यातली साखर स्टार्चमध्ये बदलायला लागते आणि उकाड्यात अजून भराभर.

आता ज्यांच्याकडे अंगण किंवा गच्ची आहे त्यांच्यासाठी शेगडी. मातीची असो लोखंडाची असो. खाली थोडे कोळसे, वर करवंटीचे तळहाताएवढे तुकडे, आणि पेटवायला वाळलेल्या चुडताची, म्हणजे माडाच्या झावळीची पाती, रॉकेल बिकेल अजिबात नको, तो वास कणसाला लागला की संपलं. करवंटी पेटली की सुरुवातीला मोठा भडका होतो, पिवळी ज्योत, काजळी, तेलकट धूर, आणि इथेच सगळ्यांना घाई होते. सासूबाई अशा वेळी मागून ओरडतात, "अगो थांब, भडका उतरू दे आधी!" बरोबर आहे त्यांचं. त्या ज्योतीवर धरलं तर कणसावर काजळी बसते आणि जिभेला कडू लागतं. ज्योत बसून तुकडे लाल झाले, वर राखेची पांढरी साय आली की मग कणीस.

कणसाची बाहेरची जाड पानं काढायची पण आतली दोन-तीन पातळ ठेवायची. ती मागे वळवून मिशा ओढून काढायच्या, पानं परत वर घ्यायची, आणि अख्खं कणीस पाण्यात बुडवून झटकायचं. तसंच पानांसकट निखाऱ्यावर, वीतभर वर, जाळी असेल तर जाळीवर. पाच-सात मिनिटं फिरवत राहायचं. आत दाणे स्वतःच्याच वाफेवर शिजतात आणि बाहेर पानं जळताना पहिला धूर लागतो. पानं काळी होऊन फाटायला लागली की काढून तीच निखाऱ्यात टाकायची, शिवाय करवंटीचे दोन-तीन छोटे न जळलेले तुकडे टाकायचे. आता उघडं कणीस जवळ घ्यायचं, चार बोटं अंतर, आणि पंखा. आमच्याकडे सुपलीच घेतात. वारा घातला की निखारा फुलतो, थांबलं की धूर येतो, म्हणजे थोडा वेळ घालायचा, थोडा थांबायचा, असं तीन-चार मिनिटं. दाणे आधी चमकायला लागतात, मग पिवळे गडद होतात, मग एकेकाच्या टोकावर काळा ठिपका येतो आणि तडतड सुरू होते. ताज्या मक्यात पाणी खूप असतं, त्याची वाफ सालाला फाडून बाहेर पडते त्याचा तो आवाज. लाह्या होणार नाहीत, त्याचा मका वेगळा, कडक सालीचा. पण उडालेला दाणा डोळ्याला लागू शकतो त्यामुळे पोरांना तोंड घालून बघू देऊ नका.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. पाऊस आला म्हणून शेगडी उचलून बंद खोलीत आणायची नाही. पेटते कोळसे कार्बन मोनॉक्साइड सोडतात, त्याला वास नाही, रंग नाही, डोकं दुखायला लागेपर्यंत कळतही नाही. पाऊस आला तर कणीस घेऊन आत या, शेगडी बाहेर भिजू दे.

फ्लॅटवाल्यांनो, तुमचं काय ते आता. बाल्कनीत शेगडी पेटवली तर वरच्या मजल्यावरच्यांचे वाळत घातलेले कपडे आणि सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप दोन्ही पेटतात, म्हणून दुसरी युक्ती. गॅसवर पापडाची जाळी ठेवून कणीस आधी मंद आचेवर, फिरवत फिरवत, सगळीकडून शिजू द्यायचं, आठ-दहा मिनिटं जातात, मग शेवटी मोठ्या आचेवर डाग पाडायचे. उलटं केलं, म्हणजे आधी मोठी आच, तर बाहेर कोळसा आणि आत कच्चं. मग धुंगार, आपण वांग्याच्या भरताला देतो तोच. करवंटीचा एक तुकडा त्याच बर्नरवर चिमट्यात धरून लालबुंद करायचा, पण इथेही भडका बसेपर्यंत थांबायचं आणि खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू. मोठ्या पातेल्यात कणसं उभी-आडवी रचायची, मधे स्टीलची वाटी, वाटीत तो निखारा, त्यावर अर्धा चमचा तूप किंवा खोबरेल, खायचं खोबरेल हां, घाण्याचं. भस्सकन धूर येतो, लगेच घट्ट झाकण. चार-पाच मिनिटं बास. जास्त ठेवलं तर जास्त चांगलं असं नाही, कडवट होतं आणि दुसऱ्या दिवशी ढेकरेला पण तोच वास. तेल नाही घातलं तर धूर फारच कमी येतो, कारण निखारा झालेल्या करवंटीत धुरायला काही उरलेलंच नसतं, इथे धूर बराचसा त्या तुपाचा. म्हणून मी चिमूटभर सुकलेल्या मक्याच्या मिशा पण टाकते वर, त्यांनी गाड्यावरचा तो जळक्या पानांचा वास येतो. हे कोणी शिकवलेलं नाही, माझंच डोकं.

मसाला. मीठ जाडं पाहिजे, पेडण्याच्या आगरवाड्याचं वगैरे मिठागरातलं मिळालं तर उत्तम, आणि मिरची पुरुमेताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, मे महिन्यात भरून ठेवलेली असतेच. हरमलची किंवा काणकोणची खोला मिरची असेल तर क्या बात, दोघींनाही जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, रंग सुंदर येतो. चार कणसांना दोन चमचे तिखट आणि दीड चमचा जाडं मीठ खलात घालून भरड कुटायचं, पावडर नाही करायची. अर्धं लिंबू त्यात दाबून कणसावर चोळायचं, गरम असतानाच, देठाकडून टोकाकडे, लिंबू जरा पिळत पिळत, म्हणजे रस दाण्यांच्या फटीत उतरतो. मसाला भाजायच्या आधी लावायचा नाही, तिखट जळतं आणि सगळ्या घरात ठसका.

या मिरची-लिंबाच्या जोडीचा विचार केला की मजा वाटते. मका मूळचा मेक्सिकोकडचा, मिरचीही तिकडच्याच खंडातली, दोन्ही पोर्तुगिजांच्या काळात समुद्रावरून आपल्याकडे आली. लिंबूवर्गातली फळं उलट आशियातली, ती कोलंबसाच्या 1493 च्या सफरीपासून तिकडे गेली. आणि आज मेक्सिकोत रस्त्यावर एलोते म्हणून भाजलेलं कणीस विकतात, त्यावर मिरची आणि लिंबू असतंच, शिवाय मेयोनीज आणि चीज. दोन टोकांच्या लोकांनी एकमेकांना न विचारता एकच गोष्ट केली. मेयोनीज मात्र त्यांना लखलाभ, इथल्या दमट हवेत हातावरून ओघळणारं कणीस कोण खाणार.

त्याऐवजी रेशाद मसाला, माशाला लावतो तो लाल मिरची-व्हिनेगरचा. घरात माशासाठी केलेला असतोच, तो कच्चा चोळायचा नाही, व्हिनेगर आणि लसूण उग्र लागतात. दोन चमचे बटर वितळवून त्यात एक लहान चमचा रेशाद मंद आचेवर मिनिटभर परतायचा, कच्चा वास गेला की ब्रशने कणसावर. सासूबाईंना हे मान्य नाही, "कणसाला माशाचा मसाला कसला गो" म्हणतात, आणि स्वतःचं लिंबू-मिठाचं वेगळं ठेवायला सांगतात. मासे न खाणाऱ्या पाहुण्यांना द्यायचं असेल तर आधी विचारा बाई, मसाल्यात मासा नसतो पण नावानेच काही लोक हात आखडतात.

उरलं तर, म्हणजे क्वचितच उरतं, दाणे सुरीने कापून काढायचे, खोबरेलावर मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची, त्यात दाणे आणि भरपूर ओलं खोबरं, दोन मिनिटं परतायचं. धूर लागलेला असतो त्यामुळे दुसरा कसलाच मसाला लागत नाही, सकाळच्या पावाबरोबर चालतं. धुंगार दिलेली कणसं फ्रीजमध्ये ठेवणार असाल तर डब्याचं झाकण नीट लावा, नाहीतर शेजारच्या दुधालाही तोच वास लागतो आणि चहा पिताना सगळे माझ्याकडे बघतात.